आपला आज्ञाधारक

या आठवड्याचं पत्र थोडं कापून छापते आहे. गावांची आणि शाळांची नावं काढली आहेत.

‘ताई, नमस्कार. मी चाकण भागात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सीएसआर विभागात, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या विभागात आहे. वय ३६. विभाग म्हणजे मी, नुकतीच लागलेली एक मुलगी आणि आमचे साहेब. यंदा आम्ही एका संस्थेमार्फत जिल्हा परिषदेच्या ९ शाळांत मुलींसाठी स्वच्छतागृहं बांधायला घेतली. आज २० मार्च. पाच पूर्ण आहेत, दोन जोत्यापर्यंत आली आहेत आणि दोन शाळांत अजून वीटसुद्धा पडलेली नाही. साहेब म्हणतात, नऊच्या नऊ पूर्ण झाल्याचा अहवाल ३१ च्या आत सही करून दे. पैसे संस्थेकडे गेलेच आहेत, संस्था चांगली आहे, मे महिन्यात बांधून देईल. “तू फक्त सही कर, जबाबदारी माझी,” असं ते म्हणाले. गेल्या वर्षी झाडांचंही असंच झालं. अहवालात २००० रोपं, प्रत्यक्षात ११०० च्या आसपास. तेव्हा मी सही केली होती.

साहेबांनीच मला या नोकरीत आणलं. वडिलांच्या बायपासच्या वेळी रात्री दोन वाजता ते रुग्णालयात आले होते. खाल्ल्या मिठाला जागायचं की नाही? मोशीला फ्लॅट घेतलाय, हप्ता ३१ हजार. बायको म्हणते, सही कर आणि झोप. झोप येत नाही म्हणून लिहितोय. लहानपणापासून मोठ्यांचं ऐकत आलो. नाही म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं. काय करू?

आपला आज्ञाधारक वाचक’

नमस्कार.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. ‘आपला आज्ञाधारक’ हे शब्द कुणी लिहिलेले किती वर्षांत पाहिले नव्हते. शाळेत रजेचा अर्ज लिहायचो आपण: काल माझे पोट दुखत असल्यामुळे मी शाळेत येऊ शकलो नाही, तरी कृपया एक दिवसाची रजा मंजूर करावी, आपला आज्ञाधारक विद्यार्थी. पोट दुखलेलं नसायचं. मामाच्या गावाला जत्रा असायची आणि अर्ज वडीलच सांगायचे, आपण लिहायचं. म्हणजे आयुष्यातला पहिला खोटा कागद आपण मोठ्यांच्या सांगण्यावरून लिहिला आणि त्याच्याखाली सही केली ती ‘आज्ञाधारक’ म्हणून. वर्गशिक्षकांनाही जत्रा ठाऊक असायचीच.

असो. तुमचं उत्तर आधी देऊन टाकते. नऊ शाळांच्या अहवालावर सही करू नका. पाच शाळांच्या अहवालावर करा. हे सांगायला मला एक ओळ लागली. साहेबांच्या केबिनमध्ये हे बोलायचं कसं, त्याला मात्र वेळ लागणार आहे.

आधी साहेबांची भीती काय आहे ती बघू, कारण मला ती बरीचशी फुकटची वाटते. कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ ला. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करा, असं त्यात आहे. सुरुवातीची काही वर्षं ‘खर्च करा, नाहीतर का केला नाही ते लिहा’ असा मामला होता. जानेवारी २०२१ मध्ये नियम आवळले. पण आवळताना वाटही ठेवली. काम सुरू असून पूर्ण झालं नसेल तर बोर्डानं त्याला ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ ठरवावं, उरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत ‘अनस्पेंट सीएसआर अकाउंट’ नावाच्या वेगळ्या खात्यात भरावी आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्या कामावर लावावी. मुळात एकाच वर्षाचं म्हणून मंजूर केलेलं कामही सबळ कारण असेल तर बोर्ड पुढं वाढवू शकतं. जमीन मिळायला उशीर झाला, गवंडी मिळाला नाही, असली कारणं मंडळी रोज देतात. तुमच्या दोन शाळांत वीट का पडली नाही, याचंही काहीतरी कारण असणारच. ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. शोधा.

दुसरी गोष्ट. ‘पैसे संस्थेकडे गेलेच आहेत’ हे साहेबांचं वाक्य तुम्हाला दिलासा देतंय असं दिसतं. देऊ नये. संस्थेच्या खात्यात रक्कम जमा झाली म्हणजे ती खर्च झाली असं होत नाही. संस्थेनं ती कामावर लावली पाहिजे, हे कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ सालीच स्पष्ट केलंय. आणि पैसा ठरलेल्या कामावर ठरल्याप्रमाणे लागला, असा दाखला बोर्डाला द्यायचा असतो सीएफओनं, म्हणजे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यानं. तुमचे सीएफओ काही चाकणहून शाळाशाळांत फिरणार नाहीत. ते तुमचा अहवाल बघतील आणि त्याच्यावर सही करतील. मग सीएसआर कमिटी, मग बोर्ड, मग वार्षिक अहवाल. सगळ्या सह्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या, आणि सगळ्यात खाली तुमची. सत्यनारायणाला बसलेला यजमान जसा गुरुजींच्या मागून ‘मम’ म्हणतो, तसे वरचे सगळे ‘मम’ म्हणणारे. पूजा काय चाललीय हे एकट्या तुम्हाला ठाऊक.

रक्कम वेळेत वळती केली नाही तर दंड आहे, नाही असं नाही. कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातलं कमी असेल ते. जबाबदार अधिकाऱ्याला रकमेचा दहावा हिस्सा किंवा २ लाख, यातलं कमी. पण हा दंड पैसे अडकवून ठेवल्याचा आहे. कायद्यानं मागितलेल्या दाखल्यात किंवा अहवालात जाणूनबुजून खोटं लिहिणं हे वेगळं प्रकरण, तिथं फसवणुकीचं कलम ४४७ येतं आणि त्यात तुरुंग आहे. तुमचा आतला अहवाल त्यात किती बसतो ते वकील सांगतील. मी इतकंच म्हणेन की दंड टाळण्यासाठी तुरुंगाच्या दिशेनं चालत जाण्यात शहाणपण नाही. खरं सांगायला कायद्यानं रीतसर खिडकी ठेवलेली असताना आपण भिंतीला भोक पाडतोय.

मग साहेबांसारखा जाणता माणूस असं का करतो? आणि तुमच्यासारखा, ज्याला झोप येत नाही असा माणूस, गेल्या वर्षी सही का करतो?

‘जबाबदारी माझी.’ या दोन शब्दांत फार ताकद आहे, आणि ती मोजून झालेली आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी, येल विद्यापीठात, स्टॅनली मिलग्रॅम नावाच्या तरुण प्राध्यापकानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली: स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवीत, चार डॉलर आणि गाडीभाड्याचे ५० सेंट मिळतील. पोस्टातले कारकून आले, शिक्षक आले, सेल्समन, इंजिनिअर, मजूर आले. काम सोपं. शेजारच्या खोलीत एक गृहस्थ खुर्चीला बांधलेले. ते उत्तर चुकले की विजेचा खटका दाबायचा. ३० खटके, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, प्रत्येक चुकीला १५ नं वर. गृहस्थ ४७ वर्षांचे, पेशानं अकाउंटंट, स्वभावानं गोड. धक्का खरा नव्हता, ते नाटक करत होते, पण खटका दाबणाऱ्याला हे माहीत नव्हतं. शेवटच्या खटक्यापर्यंत किती जण जातील असं मानसोपचारतज्ज्ञांना आधी विचारलं, तर म्हणाले, हजारात एखादा. पहिल्या खेपेला ४० पैकी २६ गेले.

हे लोक दुष्ट नव्हते. त्यांना घाम फुटला होता, कुणी ओठ चावत होतं, कुणी कसंनुसं हसत होतं. पुन्हा पुन्हा विचारत होते, थांबू का? प्रयोग घेणारा करड्या कोटातला माणूस शांतपणे सांगायचा, पुढं चला, प्रयोगासाठी ते आवश्यक आहे. मग कुणी विचारायचं, त्यांना काही झालं तर जबाबदार कोण? कोटवाला म्हणायचा, मी. आणि हात परत खटक्याकडे जायचा.

या प्रयोगावर पुढं पुष्कळ टीका झाली. माणसांना असं फसवून छळणं बरोबर होतं का, काहींना ते नाटक आहे हे कळलं नसेल का. टीका रास्त आहे. पण मला त्या २६ च्या आकड्यात फारसा रस नाही. मिलग्रॅमनी मांडणी बदलून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि तुमच्या कामाचं जे आहे ते तिथं आहे.

बांधलेला माणूस त्याच खोलीत आणून बसवला तर शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात स्वतःच्या हातानं धरून पट्टीवर दाबायचा म्हटल्यावर ३० टक्के. कोटवाला खोलीतून निघून गेला आणि फोनवरून हुकूम देऊ लागला तेव्हा जेमतेम पाचवा हिस्सा. त्यातही काही जण फोनवर ‘हो हो, वाढवतोय’ म्हणत होते आणि प्रत्यक्षात सगळ्यात खालचा खटका दाबत होते. हे वाचून मला हसू आलं होतं. आपल्या तालुक्याच्या कचेऱ्या आठवल्या. सोबत बसलेल्या दोघांनी आधी ‘आम्ही नाही करणार’ म्हटलं, तर ४० पैकी फक्त ४ शेवटपर्यंत गेले. दोन कोटवाले आणले आणि एक म्हणाला थांबा, दुसरा म्हणाला चालू द्या, तर एकही गेला नाही.

आणि आता तुमची खुर्ची. एका मांडणीत खटका दुसराच कुणी दाबायचा, आपल्याकडे फक्त बाजूचं काम: प्रश्न वाचायचे, उत्तरं तपासायची. कागदाचं काम म्हणा. त्यात ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत गेले. सगळ्यात जास्त.

तुम्ही कुणाचं स्वच्छतागृह अडवलेलं नाही, पैसे खाल्लेले नाहीत, खोटी वीट रचलेली नाही. तुम्ही फक्त लिहिताय. म्हणूनच ते सोपं आहे.

अजून एक. पुढच्या काळातल्या अभ्यासात असं दिसलं, की थांबणारी माणसं बहुतेक करून १५० व्होल्टला थांबतात. तो माणूस ‘मला सोडा’ असं पहिल्यांदा म्हणतो, ती ही जागा. ती ओलांडली की मग ३०० ला थांबायचं कारण काय, आधी का नाही थांबलात, हा प्रश्न ज्याचा त्यालाच नकोसा होतो. तुमची ९०० झाडं हे सुरुवातीचे खटके होते. तेव्हा कुणी ओरडलं नाही, रोपं ओरडत नाहीत. यंदा शाळा आहेत. पुढच्या वर्षी साहेब म्हणतील, अरे, शाळांच्या वेळी केलीस की.

मी तुम्हाला हे उंच जागेवर बसून सांगत नाहीये. नव्वदीच्या दशकात मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट होता, त्याचं एक रजिस्टर असायचं: किती तास चालला, किती रसायन टाकलं. रजिस्टरप्रमाणे तो रात्रभर चालायचा. विजेचं बिल माझ्याकडे यायचं, त्याप्रमाणे रात्री तो झोपलेला असायचा. दोन्ही कागदांवर माझी पडताळणीची सही लागायची. एकदा विचारलं तर साहेब हसून म्हणाले, ‘तुम्ही हिशेब बघा, पाणी आम्ही बघतो.’ मी सही केली. पुढची चार वर्षं करत राहिले. काही झालं नाही. कुणी आलं नाही, कुणी पकडलं नाही, मला बढतीसुद्धा मिळाली. काही वर्षांनी त्याच कारखान्यानं खालच्या अंगाच्या गावातल्या शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र भेट दिलं. फीत कापतानाच्या फोटोत मी मागच्या रांगेत आहे. तो फोटो मी अजून ठेवलाय, का ते मला नीट सांगता येणार नाही.

तुम्ही मात्र असं समजू नका की कधीच काही होत नाही. अमेरिकेत वर्ल्डकॉम नावाची मोठी टेलिफोन कंपनी होती, मिसिसिपी राज्यात. तिथं हिशेब खात्याच्या मधल्या फळीत बेटी विन्सन नावाच्या बाई होत्या. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांना वरून सांगितलं गेलं की ८२ कोटी ८० लाख डॉलरचा खर्च इकडून तिकडं फिरवा, म्हणजे तिमाहीचा नफा बरा दिसेल. त्यांना ते खटकलं. त्यांनी राजीनाम्याचं पत्रही लिहिलं. तेव्हा सीएफओंनी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला बोलावून समजावलं, त्याचा आशय असा: विमानं हवेत आहेत, ती उतरू द्या, मग जायचं तर जा. आणि हेही, की हे आम्ही करायला लावतोय, दोष तुमचा नाही. घर मुख्यतः बाईंच्या पगारावर चालायचं, घरादाराचा आरोग्य विमा त्यांच्या नोकरीवर होता. राजीनामा दिलाच गेला नाही. पुढच्या तिमाहीला पुन्हा तेच, मग पुन्हा. विमानं उतरलीच नाहीत. २००२ साली कंपनी कोसळली, आणि २००५ मध्ये बाईंना ५ महिने तुरुंग आणि ५ महिने घरात नजरकैद झाली. ‘जबाबदारी माझी’ म्हणणारे सीएफओ पाच वर्षांसाठी गेले, पण त्यामुळं बाईंचे पाच महिने कमी झाले नाहीत.

आपल्याकडं सत्यम या आयटी कंपनीचं उदाहरण आहेच. तिथले मालक समाजकार्यात कुणाला ऐकणारे नव्हते. १०८ नंबरची रुग्णवाहिका सेवा हैदराबादेत २००५ साली त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली आणि तिनं खरोखर असंख्य जीव वाचवले. २००८ मध्ये कंपनीला उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ ला मालकांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातले ५०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. २०१५ मध्ये हैदराबादच्या न्यायालयानं दहा जणांना दोषी ठरवलं. पुढं अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली, पण ते दहा जण कोण होते ते बघा. त्यात मालक, त्यांचे भाऊ, सीएफओ, ऑडिटर हे होतेच, शिवाय अर्थ विभागातले तीन कर्मचारी आणि अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखही होते. त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असणार, तू फक्त कर.

आता मीठ. तुम्हाला पगार कंपनी देते. स्वच्छतागृहांचा पैसा कंपनीच्या नफ्यातला. साहेब रात्री दोन वाजता आले, ते मीठ नव्हतं, ती माया होती, आणि तिची परतफेड सहीनं होत नाही. त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं तर तुम्ही रात्री दोन वाजता जा. ही दोन खाती एकमेकांत मिसळू नका. आमच्या हिशेबाच्या भाषेत त्याला गफलत म्हणतात.

तर कसं बोलायचं. ई-मेल करू नका. म्हणजे आधी करू नका. आधी समोर बसून बोला, सकाळी, चहाच्या वेळेला, दार लोटून घेऊन. आपल्या माणसानं थेट लेखी दिलं की साहेब लोकांना तो वार वाटतो. हातात तीन कागद असू द्या. पहिला, नऊ शाळांची आजची खरी स्थिती, तारखेसह फोटो. दुसरा, उरलेल्या चार शाळांचं काम कधी आणि कसं होईल याचं संस्थेकडून घेतलेलं लेखी वेळापत्रक. तिसरा, बोर्डासाठी एका पानाचं टिपण: पाच पूर्ण, चार बाकी, कारण अमुक, तरी हा ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून पुढं न्यावा. हे टिपण तुम्ही तयार करून न्या. साहेबांना ‘नाही’ ऐकवायचं असेल तर त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. नुसता नकार घेऊन गेलात तर ते फक्त अपमान ऐकतील.

बोलताना नीती वगैरे काढू नका. ‘सर, यावर सीएफओ सही करणार आहेत. उद्या कुणी एका शाळेत जाऊन पाहिलं तर त्यांचं आणि तुमचं नाव येईल. मला पाचचा अहवाल द्यायचाय, बाकी चारसाठी हा मार्ग आहे’ एवढंच. आवाज न चढवता. रामशास्त्री प्रभुण्यांचा आव आणू नका. ते थोर होते, पण त्यांच्यावर मोशीच्या फ्लॅटचा हप्ता नव्हता.

आणि एकटे जाऊ नका. चाळीसातल्या चार जणांचा आकडा आठवा. तुमच्या विभागातल्या मुलीला या भांडणात ओढू नका, ती नवीन आहे, तिच्यावरच बिल फाटेल. कंपनी सेक्रेटरींकडे, म्हणजे कंपनीत कायद्याचं पालन बघणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आधी जा. तक्रार घेऊन जाऊ नका, शंका विचारायला जा: ‘चार शाळा राहिल्यात, हे पुढं नेता येतं ना? संस्थेकडं पडून असलेल्या पैशाचं काय करायचं?’ हा त्यांचा रोजचा विषय आहे. त्यांनी एकदा ‘हो, नेता येतं’ म्हटलं की खोलीत दुसरा कोटवाला आला. मग तुम्हाला साहेबांचा हुकूम मोडावा लागत नाही, सेक्रेटरींचं ऐकावं लागतं. तुमच्या स्वभावाला हे जास्त मानवेल.

आणखी एक करता आलं तर बघा. साहेबांना त्या वीट न पडलेल्या दोन शाळांपैकी एकीत घेऊन जा. काही बोलू नका, नुसतं न्या. मुख्याध्यापिका चहा देतील, सातवीतल्या मुली मधल्या सुट्टीत कुठं जातात ते दिसेल, किंवा जात नाहीत, दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, हे कळेल. केबिनमध्ये बसून ९ हा आकडा लिहिणं सोपं असतं. तुम्ही स्वतः तिथं शेवटचे कधी गेला होतात?

एवढं करूनही साहेब म्हणाले की नाही, नऊच लिही, तर मग लेखी. त्याच संध्याकाळी त्यांना छोटा मेल: ‘आज झालेल्या चर्चेनुसार, प्रत्यक्ष पाहणीत ५ पूर्ण, २ जोत्यापर्यंत, २ सुरू नाहीत. मी याप्रमाणेच अहवाल देऊ शकेन.’ एक विशेषण नाही, एक आरोप नाही. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल, किंवा बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर असेल, तर कायद्यानं तिथं तक्रारीची ‘व्हिजिल मेकॅनिझम’ असावीच लागते, आणि तशीच गरज पडली तर ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. कंपनीच्या वेबसाइटवर धोरण बघून ठेवा. आणि कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या जीमेलवर पाठवत सुटू नका. खरं बोलणाऱ्यांना काढायला हेच निमित्त सापडतं. घरी वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा, तेवढं पुरे.

झाडांचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही. पण तीच तुमची मान आहे आणि ती साहेबांच्या हातात आहे. त्याच बैठकीत सांगून टाका: ‘गेल्या वर्षीचा आकडाही दुरुस्त करू या, पावसाळ्यात ९०० रोपं लावून घेऊ.’ गोष्ट तुमच्या तोंडून आधी बाहेर आली की तिचा धाक उरत नाही. हे बोलणं पाच शाळांपेक्षा अवघड जाईल. मला जमलं नव्हतं.

पत्नी चुकीचं बोलत नाहीत. ३१ हजार दर महिन्याला जातात आणि ते त्यांनाही दिसतात. त्यांना ‘तुला कळत नाही’ म्हणू नका. दोघं बसून बघा की पगार थांबला तर किती महिने निघतील, सोनं किती, सासरच्यांची मदत किती, बायोडेटा शेवटचा कधी सुधारला. सीएसआरमध्ये काम केलेल्यांना मागणी बरी आहे आणि या धंद्यात माणसं एकमेकांना ओळखतात. मी तुम्हाला नोकरी जाणार नाही असं वचन देऊ शकत नाही. बहुतेक जाणार नाही; साहेब दोन आठवडे नीट बोलणार नाहीत, यंदाची वाढ कमी येईल. ते सहन करावं लागेल.

आता जरा विषयांतर. हे फक्त तुमच्या साहेबांचं दुखणं नाही. २ टक्के हा स्वतःच एक हुकूम आहे. वरून सरकारनं कंपनीला सांगितलं, कंपनीनं साहेबांना, साहेबांनी तुम्हाला, आणि ३१ मार्चला सगळ्यांनी मिळून गृहपाठ तपासायला दिला. कायदा नसता तर त्या पाच शाळांतही काही उभं राहिलं नसतं, हे मान्य आहे, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण जी गोष्ट हुकुमानं करायची सवय लागते ती हुकुमापुरतीच होते. उरलेल्या ९८ टक्क्यांकडे कुणी बघत नाही. कारखान्याचं पाणी कुठं जातं, कंत्राटी कामगाराचा ओव्हरटाइम कुणी खाल्ला, याचा हिशेब सीएसआरच्या फाइलमध्ये नसतो. नियमांनुसार असूही शकत नाही, कारण कायद्यानं जे तसंही करायचंच आहे ते सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. तुमच्या साहेबांना बोर्डात कुणी विचारत असेल का, की मुली ते स्वच्छतागृह वापरतात का, पाणी आहे का, साफ कोण करतं? मला वाटतं, ‘झालं का?’ एवढंच विचारत असतील. ज्याला ‘झालं का?’ एवढंच विचारतात, तो ‘झालं’ असंच सांगणार. म्हणून तुमच्या त्या एका पानाच्या टिपणात शेवटी दोन ओळी वाढवा: पूर्ण झालेल्या पाचपैकी किती ठिकाणी नळाला पाणी येतं, आणि कुलूप कुणाकडे असतं. आधी जाऊन बघून या. मला शंका आहे की पाचाचे तीनच होतील.

३० एप्रिलपर्यंत त्या ‘अनस्पेंट’ खात्याचं काम व्हायला हवं, आणि शाळा उघडतात जूनच्या मध्याला. पावसाळ्याआधी दोन शाळांचं जोतं तरी वर यायला पाहिजे, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत गवंडी मिळत नाही. सोमवारी सेक्रेटरींना भेटा. काय झालं ते कळवा, आणि साहेब शाळेला जायला गाडीत बसले का, तेही.

तुमची,
ताई